गोठ्याची शेवटची खुंटी

पुण्याच्या एका आर्किटेक्टनं सास्तूरच्या म्हाताऱ्या सुताराला फसवलं. त्यासाठी त्यानं माझं तोंड वापरलं. फसवून झाल्यावर आम्हा दोघांना शाल आणि नारळ दिला. हे मी लिहून ठेवते आहे, कारण तोंडी भांडण भरपूर करून झालं आणि त्यातून एवढंच निघालं की ज्या गोठ्यापायी हे झालं त्याचा वॉचमन आता मला लांबूनच ओळखतो.

जळकोटला हायवेच्या कडेला माझी जुन्या लाकडाची वखार आहे. पडकी घरं, माळवदं, गोठे मी अख्खे विकत घेते, खोलते आणि खांब, तुळया, दारं, चौकटी वेगवेगळ्या विकते. आसपास मला आक्का म्हणतात. माझ्या मागं आणखीही काही म्हणतात, तेही मला माहीत आहे. भाव करताना माझा आवाज चढतो. एकदा भाव ठरल्यावर एका गिऱ्हाइकानं बाईमाणसाच्या अकलेबद्दल काहीतरी म्हटलं, तेव्हा त्याच्या गाडीत चढवलेली तुळई मी परत खाली उतरवून घेतली होती. ती पुढं दोन वर्षं विकली गेली नाही. तरी मला त्याचं वाईट वाटलं नाही.

वखार कशी उभी राहिली तेही मीच सांगते, नाहीतर दुसरं कुणी सांगेल. भूकंप झाला तेव्हा मी पंचविशीच्या आत होते. नवरा दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. मदतीचं सामान टाकून तो सास्तूरहून परत आला आणि दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, तिथं सगळीकडं दगड आणि लाकूड पडलंय, लाकडाला कुणी विचारत नाही. मी पुढच्या फेरीला त्याच्याबरोबर गेले. मी तिथं रडायला गेले नव्हते, लाकूड आणायला गेले होते. ज्या घरात माणसं गेली त्या घराची तुळई कुणाला डोळ्यांपुढं नको होती. लोकांना नवीन जागी सिमेंटची घरं मिळणार होती. मी जळणाच्या भावानं सागवान घेतलं. घासाघीस केली नाही, असं म्हणणार नाही. केली.

तिथंच मी सुतारबाबांना पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा ते बाबा नव्हते, पंचेचाळिशीचे असतील. एका पडलेल्या भिंतीच्या दगडावर बसले होते आणि त्यांचे म्हातारे वडील ढिगाऱ्यातून चालत एकेका उभ्या खांबाला हात लावत होते. कितीतरी घरांच्या भिंती बाहेरच्या बाजूला कोसळल्या होत्या आणि आतला लाकडी सांगाडा तसाच उभा होता, वर माळवदाच्या सपाट छताची माती घेऊन. म्हातारा खांबाच्या डोक्याकडं बघायचा, खाली दगडाकडं बघायचा आणि पुढच्या घराकडं जायचा.

"काय करतायत ते?" मी विचारलं.

"हिसाब."

"कसला?"

"कोण दगडाखाली गेलं आन कोण लाकडाखाली गेलं, त्येचा."

मला वाटलं, धक्क्यानं दोघांचंही डोकं फिरलंय. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी साध्या आवाजात, जसं एखाद्याला रस्ता सांगावा.

त्यांच्या घराण्याची रीत अशी. घराचा किंवा गोठ्याचा सांगाडा उभा राहिला, सगळे सांधे बसले की सुतार एक खुंटी मारायची ठेवतो. बाभळीच्या गाभ्याची, वीतभर. मधल्या खांबाच्या डोक्यावर जे कुसू असतं, म्हणजे खांबाचा निमुळता शेंडा, ते तुळईच्या भोकात बसलेलं असतं आणि ही खुंटी त्या दोघांच्या आरपार जाते. मालक खांबाला हळदकुंकू लावतो, नारळ फोडतो. सुतार चार माणसांसमोर म्हणतो की आजपासून ह्याखाली जे होईल ते माझ्या नावावर. मग तीन ठोक्यांत खुंटी आत. त्यानंतर त्या लाकडाला सुताराला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तुळईला पाळणा बांधायचा असला तरी सुताराकडं निरोप जातो. सुतार येतो, बघतो, कुठं बांधायचा ते दाखवतो, चहा पिऊन जातो.

म्हाताऱ्यानं त्या भागात जेवढे सांगाडे उभे केले होते तेवढे तो बघत फिरत होता. माणसं दगडांखाली गेली होती. लाकूड बहुतेक ठिकाणी उभं होतं. फक्त एका घरात तुळई खाली आली होती आणि घरातली सून तिच्याखाली सापडली होती. त्या घरात घरच्याच एकानं दार रुंद करायला मधला खांब कापला होता, न विचारता. शेजारीपाजारी म्हणाले, यात तुमचा काय दोष? म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. पण पुढं मला कळलं, त्यानंतर त्यानं वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, हातात धरला नाही. मरेपर्यंत नाही.

हे ऐकून मी गप्प बसायला पाहिजे होतं. मी विचारलं, "त्या घरातलं लाकूड कुणाला विकायचंय का?"

ते म्हणाले, "घेतीस तर घे. पर आधी खुणा वाचायला शिक. जे दिसंल ते ट्रकात टाकतीस, जळण हाय का ते?"

आणि खरंच शिकवलं. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर आणि तुळईच्या पोटाला पटाशीनं कोरलेल्या रेघा असतात. एक रेघ, दोन रेघा, फुली. एका ओळीच्या रेघा उभ्या, समोरच्या ओळीच्या तिरप्या. दोन उभ्यांच्या खांबावर दोन उभ्यांचीच तुळई बसते, दुसरी बसत नाही, बसवली तर लाकूड कुरकुरतं. त्या दिवसापासून मी लाकूड खोलताना खुणा जपून ठेवायला लागले आणि अख्खे सांगाडे विकायला लागले. अख्ख्या सांगाड्याला सुट्या लाकडाच्या तिप्पट भाव येतो. म्हणजे मी आज जी काही आहे ती भूकंपाच्या लाकडावर आणि त्या माणसाच्या शिकवण्यावर आहे. त्यांनी कधी त्याचं काही मागितलं नाही. म्हणून हे सगळं मला जास्त लागलं.

आता आर्किटेक्टकडं येते.

तो वखारीत आला तेव्हा मला आवडला. खोटं कशाला सांगू. माझ्याकडं येणारी शहरातली माणसं लाकडाला बोटाचं टोक लावून बघतात, हात खराब होईल म्हणून. ह्यानं अख्खा तळवा टेकवला, वाकून वास घेतला. म्हणाला, सास्तूरच्या शिवारात एक जुना गोठा आहे, सात खणांचा, सोळा खांबांचा, वर कडब्याचा माळा. मालक पुण्याला असतात. त्यांना तो पाडायचा नाही, पहिल्यासारखा उभा करायचा आहे. शहरातली माणसं येऊन राहतील, शेती बघतील. दोन खांब खालून गेलेत, काही तुळया वाकल्यात. जुनं लाकूड पाहिजे आणि जुनं काम जाणणारा सुतार पाहिजे.

"सुतार एकच आहे," मी म्हणाले, "आणि तो काम करत नाही."

"तुम्ही बोलाल का त्यांच्याशी, मॅडम?"

"आधी एक सांगा. सांध्याला पट्ट्या, बोल्ट मारणार असाल तर मी त्यांच्या दारात जाणार नाही."

"छे हो. लोखंडाचा एक खिळा नाही. सगळं पारंपरिक. त्याचसाठी तर इतक्या लांब आलोय."

हे शब्द मी कानानं ऐकले आहेत. वखारीत हमाल होते, त्यांनीही ऐकले आहेत.

सास्तूरला गेले तेव्हा बाबा दारासमोर बसून कुऱ्हाडीला दांडा बसवत होते. अठ्ठ्याहत्तरीच्या आसपास असतील. एका डोळ्याला मोतीबिंदू, दुसराही अधू. मुलगा हैदराबादला कंपनीत. घरी सून आणि ते.

"लई दिसांनी वाट चुकली वखारीण."

"वाट चुकले नाही बाबा, काम घेऊन आले."

"मंग चहा न्हाय. कामवाल्यांना आमी चहा देत न्हाय," असं म्हणत त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला.

मी गोठ्याचं सांगितलं. त्यांनी दांडा बाजूला ठेवला.

"त्यो गोठा आमच्या म्हाताऱ्याच्या हातचा."

मला हे माहीत नव्हतं. आर्किटेक्टलाही नव्हतं.

"भूकंपात त्येच्या भिंती पडल्या. सांगाडा बोटभर सरकला आन ऱ्हायला. बैलं जितीच्या जिती भाईर आली." "म्हातारा गेला तवा त्येचा शब्द संपला. आता म्या खुंटी मारली तर माझा सुरू हुईल. माझं वय बघ."

"तुम्हाला अजून वीस वर्षं काही होत नाही."

"त्येचंच तर भ्याव वाटतंय."

सून हसली. ती म्हणाली, "मामंजी, तुमाला जायचंय. उगं आढेवेढे घेऊ नका. सकाळधरनं तीन दांडे वाकडे बसवलेत, असलं काम करून तुमचा जीव उबलाय."

त्यांनी तिच्याकडं दुर्लक्ष केलं आणि मला विचारलं, "खुंटीनंतर कुणी हात लावायचा न्हाय. सायबाला सांगितलंस?"

"सांगितलं," मी म्हणाले.

मी सांगितलं नव्हतं. लोखंड नको एवढं झालं होतं. खुंटीनंतर हात लावायचा नाही, हे वेगळं सांगावं लागतं असं माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडं ते कुणी कुणाला सांगत नाही. दिवस कुठून उगवतो ते कुणी करारात लिहितं का? मी, जी विटेच्या तुकड्यावरून भांडते, तिनं नेमकं एवढंच गृहीत धरलं. बाकी सगळं मात्र मी घासून घेतलं. बाबांचा रोज, सुनेचा रोज वेगळा आणि मजुराचा नव्हे तर कारागिराचा, कारण बाबांचे डोळे तीच होती. येण्याजाण्याला गाडी, दोन वेळचा चहा. उरलेलं जुनं लाकूड माझ्या वखारीत परत. आर्किटेक्ट म्हणाला, "आक्का, तुमच्याशी बोलताना घाम येतो." मला ते आवडलं. आता वाटतं, मी घाम काढत होते तेव्हा तो कागदावर काय आहे एवढंच बघत होता.

काम दोन महिने चाललं. मी आठवड्यातून एकदा जायचे, लाकूड पोचवायला, आणि खरं म्हणजे बघायला. बाबा पहिले आठ दिवस कशालाच हात लावत नव्हते. पटाशीच्या मुठीनं खांब वाजवायचे आणि कान लावायचे. सून माळ्यावर चढून, फडक्यानं धूळ पुसून रेघा वाचायची.

"तीन उभ्या."

"खालच्याला?"

"खालच्याला तीन उभ्या. न्हाय, थांबा, चार हायत. एक पुसलीया."

"पुसली न्हाय, तुझा चष्मा पुस. तीनच असतील."

तीनच होत्या.

पहिल्यांदा मी जे खांब नेले त्यातला एक त्यांनी हात लावून नाकारला.

"हे लिंब कुठलं?"

"मुरूमकडचं."

"मुरूमचं न्हाय. ह्ये वढ्याकाठचं हाय. पाणी पिऊन मऊ झालंय."

"बाबा, मला धंदा करू द्या."

"कर की. दुसरीकडं कर."

तो खांब मी परत आणला आणि दुसरा नेला, माझ्याकडचा सगळ्यात चांगला. वाळवीनं खाल्लेले दोन खांब त्यांनी पूर्ण बदलले नाहीत. खालचा दीड हात कापून तिथं जुन्या लाकडाचा पाय जोडला, तिरका सांधा करून, आणि सांधा इतका बसला की नखानं शोधावा लागत होता. प्रत्येक खांबाखालचा दगड त्यांनी पाण्याच्या नळीनं पातळीत आणला. खांब त्या दगडावर नुसता उभा. खाली माती नाही, सिमेंट नाही. मी विचारलं की असं सुटं का, तर म्हणाले, "सरकायला जागा पायजे. भुई हलली की खांब सरकंल, मोडायचा न्हाय. आन पाय उघडा ऱ्हायला की वारं लागतं, वाळवी दिसती. झाकलं की आतून जातं, कळत न्हाय."

आर्किटेक्ट हे ऐकून वहीत लिहून घेत होता. माझ्यासमोर लिहून घेतलं.

खुंटीच्या दिवशी पुण्याहून मालक सहकुटुंब आले. दोन कॅमेरे होते, एक उडणारा. कुडाच्या बाजूला निळ्या ताडपत्रीखाली लाकडी पेट्या रचून ठेवल्या होत्या. जागा कमी होती, म्हणून जेवणाचं ताट घेऊन मी त्यातल्याच एका पेटीवर बसले. मालकीणबाईंनी खांबाला हळदकुंकू लावलं. बाबांनी नवीन धोतर नेसलं होतं. त्यांनी हात जोडून, हळूच, पण स्पष्ट म्हटलं, "आजपासनं ह्या माळ्याखाली जे हुईल ते माझ्या नावावर." तीन ठोके.

आर्किटेक्ट पुढं आला. "बाबा, आवाज नीट आला नाही. एकदा परत म्हणता? कॅमेऱ्याकडं बघून."

"एकदाच म्हणत्यात."

"पण ऐकू नाही आलं."

"ज्येला ऐकायचं त्येला आलं."

लोक हसले. मीही हसले. मग शाली दिल्या.

तीन आठवड्यांनी मी टेम्पो घेऊन उरलेलं लाकूड न्यायला गेले. करारात ते माझं होतं आणि मी माझं सोडत नाही. ते सोडलं असतं तर मला काहीच कळलं नसतं.

सोळाच्या सोळा खांबांचे पाय गुडघ्याएवढ्या सिमेंट काँक्रीटमध्ये होते. वर दगडाच्या रंगाची माती सारवली होती, लांबून दगडच वाटावा अशी. वर बघितलं तर प्रत्येक सांध्याला आतल्या बाजूनं लोखंडी पट्टी आणि आरपार बोल्ट. पट्ट्यांना लाकडी रंग दिला होता. मधल्या खांबाकडं गेले. बाबांच्या खुंटीच्या जागी लाकडाची गोल चकती बसवली होती. शेजारच्या सांध्याची चकती अजून लावायची राहिली होती, म्हणून तिच्या खाली काय असतं ते दिसलं. खुंटी भोक पाडून काढली होती आणि तिथून बोल्ट घातला होता.

ताडपत्री गुंडाळून ठेवली होती. पेट्या रिकाम्या होत्या. एका पेटीवर माल पाठवल्याची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. तारीख वाचली. बाबांनी खुंटी मारली त्याच्या महिनाभर आधी त्या पट्ट्या इथं येऊन पडल्या होत्या. मी ज्या पेटीवर बसून जेवले तिच्यात बोल्ट होते.

आर्किटेक्ट साइटवरच होता. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, काही शब्द लिहिण्यासारखे नव्हते. तो शांत राहिला. तो कायम शांत राहतो, तेच मला सहन होत नाही.

"आक्का, ऐका. इथं पब्लिक येणार. इंजिनिअरचं सर्टिफिकेट लागतं. तो म्हणाला, लोखंडाशिवाय मी सही करणार नाही. मी काय करू? बाबांच्या खुंट्यांवर विश्वास आहे माझा. पण कायद्याचा नाही."

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

तो म्हणाला, "सांगितलं असतं तर बाबा आले असते?"

मी अनेक ठगांशी सौदे केले आहेत. ओलं लाकूड सुकं म्हणून विकणारे, कागदावर एक आणि गाडीत एक देणारे. पण इतकं सरळ उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. त्याला वाईट वाटत होतं, हेही मला दिसलं. इंजिनिअरचंही त्याच्या जागी बरोबर असेल, मला तेवढं शिक्षण नाही. भूकंपाच्या गावात कुणी लोखंड मागितलं तर त्याला मूर्ख म्हणायची माझी हिंमत नाही. पण मग खुंटी कशाला मारून घेतली? मला माहीत आहे. त्या कॅमेऱ्यांच्या फिल्ममध्ये पाहिजे होती.

बाबांना मी चार दिवस सांगितलं नाही. पाचव्या दिवशी सुनेचा फोन आला, "आक्का, मामंजी म्हणत्यात महिना झाला, लाकूड बसलं का बघून यायचं. मी घिऊन चालले." मग सांगावंच लागलं. ती म्हणाली, "तुमीच या. माझ्या तोंडानं नको."

मी गेले. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चल, बघू." एवढंच. मला वाटलं होतं, मला काहीतरी बोलतील. तू म्हणाली होतीस सांगितलं म्हणून, असं काहीतरी. तेही मी तिथंच कबूल केलं. ते म्हणाले, "तुला कुठं ठाव असणार. तू लाकूड इकणारी." त्यांनी मला माफ केलं की टोचलं, ते मला अजून कळलेलं नाही.

गोठ्यात त्यांनी डोळ्यांपेक्षा हातानंच सगळं बघितलं. पायाशी वाकले, सारवलेली माती नखानं उकरली, आतलं सिमेंट लागलं तसा हात काढून घेतला. मग सुनेनं धरलेल्या शिडीवर दोन पायऱ्या चढून चकतीवर बोटाचं पेर वाजवलं.

"माझी खुंटी कुठाय?"

आर्किटेक्ट म्हणाला, "बाबा, काम सगळं तुमचंच आहे. आम्ही फक्त आधार दिलाय. बोर्डावर तुमचं नाव—"

"सायेब, तुमी बोल्ट मारा न्हायतर तोफ लावा. घर तुमचं हाय. म्या भांडत न्हाय. पर म्या जे बोललो ते मला माघारी द्या."

"म्हणजे?"

सुनेनं समजावलं. लाकडाला दुसऱ्याचा हात लागला की शब्द त्या हाताकडं जातो. त्यानं चार माणसांसमोर म्हणायचं असतं की आता हे माझ्या नावावर. तसं म्हटलं की पहिला सुतार मोकळा. मोकळा झाला नाही तर शब्द त्याच्याकडंच राहतो, लाकूड त्याचं असो नसो.

आर्किटेक्टनं आधी हसून बघितलं, मग बाबांचा चेहरा बघून हसणं थांबवलं. म्हणाला, हे माझं नाही हो, मालकांचं आहे. मालकांना फोन लावला, मोठ्या आवाजावर ठेवला. मालक म्हणाले, "ते सगळं टेक्निकल साहेबच बघतात. बाबांना काही कमी पडू देऊ नका." मी विचारलं, इंजिनिअर म्हणेल का? आर्किटेक्ट म्हणाला, त्यानं फक्त लोखंडाच्या हिशेबावर सही केली आहे, लाकडाच्या नाही.

मी आयुष्यभर भाव पाडला आहे. त्या दिवशी पहिल्यांदा अशी वस्तू बघितली जी तिघांपैकी कुणी फुकटही घ्यायला तयार नव्हता.

गोठा आता चालू आहे. शनिवार-रविवार गाड्या लागतात. दारावर बोर्ड आहे: पारंपरिक कारागिरी, एकही खिळा न वापरता उभारलेला गोठा. सुनेनं तो बाबांना वाचून दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "बरुबर हाय. खिळा कुठं हाय, बोल्ट हायत." आणि हसले. पण दर पंधरा दिवसांनी ते तिथं जातात. सून कामाची सुट्टी टाकून स्कूटीवर मागं बसवून नेते. ते एकेका पायाशी बसतात, सिमेंट आणि लाकूड जिथं भेटतं तिथं तार घालून बघतात की ओल आली का, वाळवी आली का. सोळा पाय, अर्धा दिवस. अधू डोळ्यांनी इतकं बारीक दिसत नाही, म्हणून तारेचं टोक जिभेला लावून बघतात. पाहुणे त्यांचे फोटो काढतात. आर्किटेक्टनं वॉचमनला सांगून ठेवलंय की बाबांना तिकीट नाही. हा मोठेपणा केल्याचं त्यानं मला फोन करून सांगितलं होतं. मी फोन ठेवला.

मागच्या वेळी सून मला म्हणाली, "आक्का, रातीत वारं सुटलं की ह्ये उठून बसत्यात. मी म्हणते मामंजी, ते घर आपलं न्हाय. तर म्हणत्यात, पोरं झोपली असतील तिथं, सुट्टीची." त्यांच्या वडिलांनी एका घरासाठी हत्यार टाकलं होतं, तिथला खांब कापणारा कोण हे सगळ्यांना माहीत असूनही. ह्यांचा खांब कापणारा आम्हाला माहीत आहे, त्याचा मालक माहीत आहे, सही करणारा माहीत आहे, आणि ते तिघंही सुखानं झोपतात.

मला पैसे नकोत. शाल परत घ्या असंही म्हणत नाही, ती मी टेम्पोच्या सीटवर टाकली आहे. बोल्ट काढा असंही म्हणत नाही; इंजिनिअरनं ते पाहिजेत म्हटलं असेल तर असू देत. मला तिघांपैकी एक माणूस पाहिजे. आर्किटेक्ट, मालक किंवा सही करणारा, कुणीही. त्यानं सास्तूरला यायचं, त्या माळ्याखाली बाबांच्या समोर उभं राहायचं, गावातली चार माणसं मी गोळा करते, आणि त्यानं मोठ्यानं, एकदाच म्हणायचं की आजपासून ह्याखाली जे होईल ते माझ्या नावावर. म्हातारा ह्या पावसाळ्याच्या आत मोकळा झाला पाहिजे. कोण येणार आहे, ते मला सांगा.